सतरा कप्प्यांची पिशवी

सुखनिवास सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चोवीस घरांत मिळून एक पकड, एक पाना आणि दीड स्क्रूड्रायव्हर होता, ही गोष्ट मी गांभीर्यानं नमूद करतो. यातली पकड, पाना आणि अख्खा स्क्रूड्रायव्हर सांडूभाऊंचा. अर्धा माझा. त्याची मूठ कधीच हरवली, पण उरलेल्या भागानं आमची ही नारळ सोलते, म्हणून त्याला निकामी म्हणता येणार नाही.

मी श्रीनिवास लासूरकर, संस्थेचा मानद सचिव. एकतीस वर्षं तहसिलीत काढली, त्यातली शेवटची बारा नाझर म्हणून. नाझर म्हणजे कचेरीतल्या खुर्च्या, टेबलं, कंदील, सतरंज्या आणि जप्तीचा माल यांचा राखणदार. बारा वर्षांत माझ्या ताब्यातली एकही सतरंजी हरवली नाही. एकही कधी अंथरली गेली नाही असं काही हितशत्रू म्हणतात, त्यांना मी उत्तर देत नाही. आमच्या या गारखेड्यात मला अजूनही नाझर साहेबच म्हणतात. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की खंडेनवमीला जे घडलं त्याबद्दल गल्लीत वाट्टेल ते बोललं जातंय, आणि माझी बाजू मिसलीवर, म्हणजे कागदोपत्री, असलेली बरी.

सांडूभाऊ एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर. त्यांची एक खाकी कॅनव्हासची पिशवी होती. तिला कप्पा एकच. त्यात पाना, पकड, हातोडी, छिन्नी, करवत, सुताचा गुंडा, वायसरांची डबी, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या असं सगळं एकावर एक पडलेलं. कुणाची कडी अडकली, कुणाचा फ्यूज गेला, कुणाच्या कुकरची मूठ हलायला लागली, की सांडूभाऊ पिशवी खांद्याला मारून यायचे, न बघता आत हात घालायचे आणि पाहिजे तीच वस्तू बाहेर काढायचे. काम करायचे, चहा प्यायचे आणि जायचे. ही पद्धत मला पहिल्यापासून खटकत होती. हात घातला आणि वस्तू आली, यात नोंद कुठं राहते?

वादाला सुरुवात पकडीवरून झाली. आमच्या टीव्हीचं चॅनेल बदलायचं बटण तुटलं होतं. आत राहिलेला खुंट पकडीनं फिरवावा लागे. दोन मिनिटांसाठी आणलेली सांडूभाऊंची पकड चार महिने टीव्हीवर राहिली. हिनं तिच्याखाली विणलेला रुमालसुद्धा घातला. सांडूभाऊ आठवड्यातून एकदा दारात येऊन विचारायचे, "नाझर साहेब, पकड?" मी म्हणायचो, "मालिका संपू द्या." शेवटी एक दिवस ते कडुनिंबाखाली चारचौघांत बोलले, "आता ज्याला पायजे त्यानं सोताची घ्यावी. माझी पिशवी बंद."

मला राग आला, लपवत नाही. एका माणसाच्या मर्जीवर चोवीस घरांचे नळ चालावेत? ही काय निजामी आहे? मी त्याच आठवड्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलावली.

सभेत अध्यक्ष काकासाहेब उठले. अजिंठ्याकडं त्यांची पन्नास एकर जमीन आहे आणि आवाज त्याच मापाचा आहे. म्हणाले, "संस्थेची सोताची पिशवी पायजे. अशी पिशवी, की फुलंब्रीपासून पैठणपतुर कुणाकडं नसंल." टाळ्या पडल्या. पिशवी निवड व मांडणी समिती नेमण्यात आली.

समितीत तिघं. काकासाहेब शेतकरी, त्यामुळे त्यांना अवजारं कळणारच असं सभेनं गृहीत धरलं. त्यांची अवजारं त्यांचे सालगडी वापरतात हा मुद्दा कोणी काढला नाही. दुसरे व्यंकटराव, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्याकडे टी-स्क्वेअर आहे, म्हणून ते तांत्रिक सदस्य. तिसरा मी. सांडूभाऊंना घ्यावं अशी एक सूचना आली होती. पण ज्याला विषयाची आधीपासूनच माहिती आहे त्याचं मत निःपक्ष राहत नाही, म्हणून ती फेटाळली.

पहिल्याच बैठकीत असं ठरलं की अभ्यासासाठी नमुना हवा. मी पंच घेऊन सांडूभाऊंच्या घरी गेलो आणि त्यांच्या पिशवीचा पंचनामा केला.

"अवो, पण ती वापरात हाय," सांडूभाऊ म्हणाले.

"म्हणूनच," मी म्हणालो. "वापरात नसलेल्या पिशवीचा अभ्यास करून काय कळणार?"

पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं, गाठीवर लाख ओतली, माझा शिक्का मारला आणि पिशवी माझ्या लोखंडी कपाटात ठेवली. पकडही टीव्हीवरून उतरवून आत टाकली होती, एवढा निःपक्षपणा मी दाखवला. उमा, म्हणजे आमची ही, कपाटाशी येऊन म्हणाली, "अहो, अभ्यास करायचाय ना? मग उघडून बघा की."

"सीलबंद नमुना उघडला तर तो नमुना राहत नाही," मी तिला समजावलं.

"मग अभ्यास कशाचा, लाखेचा?" ती म्हणाली आणि हसत आत गेली. बायकांना कार्यपद्धती कळत नाही.

त्याच बैठकीत ठराव क्रमांक चार झाला. संस्थेच्या जमिनीतल्या कोणत्याही पाइपाला, तारेला वा खिळ्याला यापुढे खाजगी हत्यारानं हात लावू नये. संस्थेची पिशवी येणार म्हटल्यावर खाजगी पिशव्या चालू ठेवणं म्हणजे सार्वजनिक पिशवीवर अविश्वास दाखवणंच की.

मग खरेदी. शहागंजात एक पिशव्यांचं दुकान आहे. तिथं आम्ही तिघं चार रविवार ओळीनं गेलो. चामड्याची पिशवी काकासाहेबांनी हातात घेतली आणि खाली ठेवली, कारण ती पूजेला चालणार नाही. रेक्झीन उन्हात तडकतं. व्यंकटरावांना लोखंडी पेटी पाहिजे होती. तिचा त्यांनी तीन बाजूंनी नकाशाही काढून आणला होता, पण पेटी रिकामीच उचलताना काकासाहेबांनी कंबर धरली. त्यांना अंतर्गळाचा त्रास आहे. त्यावरून सुवाह्यतेची व्याख्या ठरवावी लागली. सुवाह्य म्हणजे जी पिशवी अध्यक्ष एका हातानं उचलून, न थांबता आणि न कण्हता, शेवटच्या घरापर्यंत नेऊ शकतात ती. चौथ्या रविवारी दुकानदार वैतागला. म्हणाला, "साब, थैली लेने कू आये कि लड़की देखने कू? लड़की भी इत्ते में नांदने चली जाती."

अखेर कॅनव्हास घेऊन पिशवी शिवून घ्यायचं ठरलं. सांडूभाऊंच्या पिशवीचं होतं तेच, त्याच रंगाचं. फरक एवढाच की हा निर्णय अभ्यासाअंती झालेला होता.

आता मांडणी. व्यंकटरावांनी ड्रॉइंग पेपरवर सतरा कप्प्यांचा आराखडा काढला. सतराच का, तर शिवून उरलेल्या कापडात तेवढेच बसत होते. प्रत्येक हत्याराला स्वतंत्र कप्पा, कप्प्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक, आणि पिशवीच्या झाकणाला आतून अनुक्रमणिका. क्रम कसा लावायचा यावर दोन बैठका गेल्या. कामाप्रमाणे लावावं तर कोणतं काम मोठं यावर एकमत होईना. मी अकारविल्हे सुचवलं, ते मान्य झालं. पण 'अ'चं हत्यारच निघेना. पहिला कप्पा मोकळा ठेवणं अशुभ, असं काकासाहेब म्हणाले, म्हणून तिथं अडकित्ता घालण्यात आला. पुढं प्रत्येक बैठकीत काकासाहेबांनी त्यानं सुपारी कातरली. सबंध पिशवीत नियमित वापरात असलेलं ते एकमेव हत्यार होतं, हे मी अभिमानानं सांगतो.

पाइप पाना कप्प्यात मावेना. कप्पा मोठा करावा तर आराखडा बदलावा लागणार, आणि आराखड्यावर तिघांच्या सह्या झालेल्या. तेव्हा पान्याचा दांडा चार बोटं कापून घेतला. कापायला गॅसवेल्डिंगवाल्याकडं जावं लागलं, कारण करवत सीलबंद नमुन्यात होती.

हत्यारं हरवू नयेत म्हणून टपालकचेरीतल्या पेनाला बांधतात तशी प्रत्येकाला नायलॉनची दोरी लावली आणि दोरीचं दुसरं टोक कप्प्याला शिवलं. दोरी वीतभर. खिळा ठोकायचा असेल तर सबंध पिशवी खिळ्याजवळ धरावी लागेल हे मान्य, पण हातोडी कुठं जाणार नाही. झाकणाला कुलूप. किल्ली काकासाहेबांकडे, पिशवी माझ्याकडे, वापर नोंदवही व्यंकटरावांकडे. एकट्या माणसाला गैरवापर करता येऊ नये अशी ही व्यवस्था होती, आणि ती शंभर टक्के यशस्वी झाली. भरलेली पिशवी काकासाहेबांनी एका हातानं उचलून पाहिली आणि दोन पावलांवर ठेवली. नाकापेक्षा मोती जड झाला होता खरा, पण तोवर व्याख्येची बैठक आटोपली होती.

पिशवी भाद्रपदात तयार झाली. लगेच वापरायला काढावी असं काही उतावळ्यांचं म्हणणं. काकासाहेब म्हणाले, "हत्यारांचा मान खंडेनवमीला असतो. त्याच दिशी लोकार्पण करू. तवर कुणी हात लावायचा नाय." हे सर्वांना पटलं. इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं.

नवरात्रातल्या रविवारी मनकर्णाबाईंचा नळ मोडला.

मनकर्णाबाईंचं घर आमच्या गल्लीत अगदी शेवटी, उताराला. बारा वर्षांपूर्वी त्यांचे मालक गेले. तेव्हापासून त्या डबे करतात. कॉलेजची चौदा पोरं त्यांच्या डब्यावर जेवतात, आणि त्याच डब्यांवर बाई जगतात. त्या रविवारी सकाळी पाणी येऊन गेलं. आमच्याकडं चौथ्या दिवशी येतं, पन्नास मिनिटं. पाणी गेलं आणि वाळूचा ट्रॅक्टर मागं येताना त्यांच्या पाइपाला धडकला. रस्त्याकडचा जोड उखडला. पुढचं पाणी गुरुवारी. गुरुवारीच खंडेनवमी.

सांडूभाऊंनी वाकून बघितलं. "सॉकेट टाकायचं, सूत गुंडाळायचं, पाना मारायचा. धा मिनिटांचं काम हाय."

"मग मारा की भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"पाना नाझर साहेबांच्या कपाटात हाय," सांडूभाऊ म्हणाले. तरी त्यांनी घरातून ट्यूबच्या दोन पट्ट्या शोधून आणल्या आणि जोड करकचून आवळून टाकला. तेवढ्यावर गुरुवार निभेल म्हणाले.

बाई तडक माझ्या दारात आल्या. पदर खोचलेला, हाताला पीठ. "भाऊ, पट्टीचा भरोसा नाय. गुरुवारी माझ्या घरात पाणी नाय आलं तर डबे बंद. पोरांचं काय हो, दोन दिस जेवान चुकलं की दुसरी मेस धरत्यात. मंग म्या काय खाऊ?"

मला वाईट वाटलं. म्हणूनच मी त्यांना अर्जाचा छापील नमुना स्वतःच्या हातानं काढून दिला. एरवी त्यासाठीही वेगळा अर्ज लागतो. तीन प्रती, सोबत जागेचा नकाशा आणि दोन्ही शेजाऱ्यांची ना हरकत. बाईंना एका बाजूलाच शेजार आहे, दुसऱ्या बाजूला नाला. नाल्याची ना हरकत कोणी द्यायची यात सोमवारची सकाळ गेली. अर्ज उमानं लिहून दिला, आणि त्या दिवशी मला भाजीत मीठ मिळालं नाही.

सोमवारी दुपारी व्यंकटराव स्थळपाहणीला गेले. जोड मोजायचा तर उघडा पाहिजे, म्हणून त्यांनी ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या. टी-स्क्वेअर लावला, पाइपाचं फार सुरेख चित्र काढलं, सावल्यांसकट. पट्ट्या परत गुंडाळल्या का असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्या अनधिकृत दुरुस्तीचा पुरावा आहेत." त्यांनी त्या प्रकरणाला जोडल्या होत्या. मुद्द्यात दम होता. मीही त्यावर शिक्का मारला.

मंगळवारी मनकर्णाबाईंनी चौकातून एक प्लंबर आणला. आम्ही त्याला दारातच बसवलं आणि फक्त परवाना, अनुभवाचा दाखला आणि खाजगी हत्यारं न वापरण्याची हमी मागितली. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. "अम्मा, ये मेरे बस का नै. इनका नल अब ऊपरवालाच सुधारेगा," असं म्हणून तो सायकलवर बसून गेला. लोकांना नियम पाळून काम करायची सवयच राहिलेली नाही.

बुधवारी काकासाहेब अजिंठ्याहून आले आणि अर्ज एकमतानं मंजूर झाला. संस्थेच्या पिशवीचं पहिलं काम म्हणून मनकर्णाबाईंचा जोड, लोकार्पणानंतर तत्काळ. मी स्वतः जाऊन मंजुरी बाईंच्या हातात दिली. त्यांनी कागद कपाळाला लावला. मला अगदी भरून आलं. नोकरीत एकतीस वर्षांत कुणी माझा कागद कपाळाला लावला नव्हता.

गुरुवारी कडुनिंबाखाली छोटा मंडप. पाटावर पिशवी, तिच्या सतराही कप्प्यांतली हत्यारं दोरीच्या लांबीइतकी बाहेर काढून मांडलेली, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढं नारळ. नमुना म्हणून जप्त असलेली सांडूभाऊंची पिशवीही मी बाजूला ठेवली, अर्थात सीलबंद. संस्थेच्या ताब्यातलं कोणतंही हत्यार पूजेवाचून राहू नये. सांडूभाऊ पाटाशी वाकले आणि आमचा पाइप पाना न्याहाळून म्हणाले, "ह्याचा दांडा कुठं गेला? ह्यानं लोणच्याच्या बरणीचं झाकण बी निघायचं नाय." मी त्यांना भाषणानंतर बोलायला सांगितलं.

काकासाहेबांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. पैठणच्या धरणापासून त्यांनी सुरुवात केली होती आणि ते नुकतेच पिशवीपाशी येत होते, इतक्यात सव्वानऊला पाणी आलं.

उताराकडून आवाज झाला. मनकर्णाबाईंच्या उघड्या जोडातून मनगटाएवढी धार उसळली आणि रस्त्यावर पडायला लागली. बाई धावत मंडपात आल्या. हातात तो मंजुरीचा कागद.

"भाऊ, पाणी आलं! द्या की आता पाना!"

मी पान्याकडं हात नेला. हे कृपा करून नोंदवून घ्या, मी हात नेला होता. पण काकासाहेबांनी माझं मनगट धरलं.

"नाझर साहेब, काय करताव? आज खंडेनवमी. पुजलेलं हत्यार आज उचलत नसत्यात. उद्या दसरा झाला की खुशाल न्या."

हे तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ज्या दिवशी पिशवी मोकळी करायची, नेमका त्याच दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. पण परंपरा म्हणजे परंपरा, आणि खरं सांगायचं तर मला जरा सुटल्यासारखं वाटलं. कापलेल्या पान्याचं काय होईल ही धास्ती होतीच.

सांडूभाऊ पुढं आले. "माझी पिशवी द्या. पाप लागलं तं मला लागंल. लिहून देतो."

एकट्यानं असा निर्णय मी कसा घेणार? मी सभेचं मत घ्यायला वळलो, तर पहिली रांग रिकामी. व्यंकटराव घराकडं पळत होते. त्यांचं घर चढावर आहे. तिथं नळाला करंगळीएवढी धार येते, तीही रुसत रुसत. ते दोन बादल्या घेऊन आले आणि थेट मनकर्णाबाईंच्या जोडाखाली लावल्या. बादली अर्ध्या मिनिटात भरली. हे बघितल्यावर उरलेला मंडपही उठला. बादल्या, हंडे, घागरी, टब, एका घरानं तर कूलरची टाकी आणली.

मी मंडपातूनच ओरडून विचारलं, "सभासदहो, अपवाद म्हणून आज हत्यार उचलायचं का? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. हात गुंतलेले होते. "धर्म म्हणजे धर्म, नाझर साहेब!" असं कुणीतरी हंड्यामागून ओरडलं. या गृहस्थांनी खंडेनवमीला साधी स्वतःची स्कूटर पुसल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी सुखनिवासमध्ये जेवढी श्रद्धा दिसली, तेवढी गणपतीतसुद्धा दिसत नाही.

ढकलाढकली सुरू झाली म्हणून मला हस्तक्षेप करावा लागला. मी रांग लावली. घरटी दोन भांडी, मग पुन्हा मागं. सचिव म्हणून मला देखरेखीसाठी पुढंच उभं राहावं लागलं, त्यामुळे आमचे हंडे आधी भरले, त्याला इलाज नाही. उमानं ते घरात घ्यायला नकार दिला. अजून ओट्यावर आहेत.

मनकर्णाबाई एक पातेलं घेऊन आल्या आणि धारेकडं वाकल्या. लगेच चार जण ओरडले, "बाई, लाइनीत या! लाइनीत!"

बाई सरळ झाल्या. त्यांनी एकदा आपल्या नळाकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं, आणि शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मला शरम वाटली. मी हे दडवत नाही, मान वर करवेना. पण रांग मीच लावलेली. ती मीच मोडली तर उद्या कोण पाळणार?

त्यांच्यापुढं तिघं उरले असताना पाणी गेलं.

बाईंनी पातेलं रस्त्यावर पालथं घातलं आणि त्यावर बसल्या. "माज्याच नळाचं पाणी," त्या म्हणाल्या. "चौदा पोरांला काय सांगू? खंडेनवमी व्हती, म्हनू?" सगळे आपापली भांडी उचलून चालायला लागले. भरलेल्या बादल्या नेताना बोललं की पाणी हिंदकळतं.

मग सांडूभाऊ मंडपात गेले, माझ्या डोळ्यांदेखत सील तोडलं, पिशवीत न बघता हात घातला आणि जाऊन जोड बसवला. नऊ मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. जाताना म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते." मी लिहिलं. सील भंग, ठराव क्रमांक चारचा भंग आणि खंडेनवमीचा भंग अशा तीन नोटिसा त्यांना गेल्या आहेत. पाणी सोमवारी आलं, बाईंच्या घरात आलं, पण तोवर नऊ पोरांनी दुसरी मेस धरली होती. पाचांवर बाईंचं कसं भागणार, हे मला कळत नाही. उमा रोज विचारते. मी रोज पेपर वाचतो.

दरम्यान एकवीस सह्यांचा अर्ज आला आहे. सांडूभाऊंनी विनापरवाना केलेल्या दुरुस्तीमुळे सभासदांची गैरसोय झाली असून मनकर्णाबाईंचा पाइप पूर्ववत करावा, अशी मागणी आहे. समितीनं ती तत्त्वतः स्वीकारली. जोड उखडायला संस्थेची पिशवी वापरता येईल का, याचा अभ्यास व्यंकटराव करत आहेत.

आता राहता राहिली एक बाब. त्या गुरुवारी सगळे घरी गेल्यावर रस्त्यात एक बादली उरली होती. निळी, प्लास्टिकची, एक कान तुटलेला, काठोकाठ भरलेली. मनकर्णाबाई म्हणाल्या, "एवढी तरी घिऊ का, भाऊ? सांजचा भात हुईल."

बेवारस वस्तू मालकाच्या संमतीवाचून देता येत नाही. मी ती ताब्यात घेतली आणि गल्लीत आवाज दिला, "बादली कुणाची?" सहा जण पळत आले. मी म्हटलं, "मनकर्णाबाई मागताहेत. देऊ का?" सहाही जणांनी बादली जवळून पाहिली आणि ती आपली नसल्याचं सांगून परत गेले. नंतर मी चोवीस घरं फिरलो. कुणाचीच नाही.

म्हणजे त्या दिवशी रांगेत बाहेरचंही कुणीतरी होतं. हा सगळा प्रकार पहिल्यापासून बघत होतं, मजेत हसतही असेल, आणि हसता हसता एक बादली भरून घेतली असेल.

आपण इथपर्यंत वाचलंत. हसलातही असाल. बादली माझ्या ओसरीत आहे, झाकून ठेवली आहे. सवडीनं येऊन बघून जा. फक्त काय सांगायचं ते ठरवून या, कारण मी आपल्यालाही विचारणार आहे, मनकर्णाबाईंना देऊ का?